घरी शिकणाऱ्या मुलांचा उन्हाळा: पन्नास रेशीम अळ्या, कढीपत्त्यावरची फुलपाखरं आणि परड्यातली माती

घरी शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात एखादा जीव पाळायचा असेल तर निवड करताना एकच कसोटी लावा. जो जीव माणसाने पिढ्यान् पिढ्या पाळून आपलासा केलाय, तो घरात आणायचा. जो रानचा आहे, तो जिथे आहे तिथेच राहील आणि आपण वही घेऊन त्याच्याकडे जायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात कुठल्याही घराच्या परड्यात दोन महिने पुरून उरेल एवढं बघायला असतं. पिंजरा लागत नाही.

ही कसोटी कायद्यालाही धरून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे पोपट, मैना, मुनिया, चांदणी कासव, घोरपड, रानससा यांतलं काहीही घरात ठेवता येत नाही. 'पिल्लू सापडलं म्हणून वाढवलं' ही सबब चालत नाही. बाजारात मिळणारं लाल कानाचं परदेशी कासवही घेऊ नका. ते खूप वर्षं जगतं, ताटाएवढं होतं, मग लोक कंटाळून ते तळ्यात सोडतात आणि तिथल्या देशी कासवांच्या तोंडचं अन्न जातं. मुलांना खरोखर हाताळता येईल, रोज वाढताना दिसेल आणि महिन्याभरात ज्याचं सगळं आयुष्य बघून होईल असा प्राणी एकच: रेशीम अळी. ती चावत नाही, पळत नाही, तिचा पतंग उडतही नाही. हजारो वर्षं पाळून पाळून तिची रानात जगायची ताकदच गेलेली आहे.

रेशीम अळ्या: आधी पाला, मग अळ्या

पहिली चूक इथेच होते. लोक अळ्या आणतात आणि मग तुती शोधायला निघतात. ही अळी तुतीशिवाय काही खात नाही. कोबी, पालक, वडाचा पाला काहीही घातलं तरी ती उपाशी मरते. म्हणून आधी कीटकनाशक न मारलेली तुतीची दोन-तीन चांगली वाढलेली झाडं किंवा तुती लावणारा शेतकरी नक्की करा. रेशीम खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात चौकशी केली की जवळपास कोण तुती लावतं ते कळतं. विचारताना कानडी शब्द जवळ असू द्या: तुती म्हणजे हिप्पुनेरळे, रेशीम अळी म्हणजे रेष्मे हुळु. शेतकऱ्याला 'शेवटची फवारणी कधी केली?' हे विचाराच. तीन आठवडे झाले नसतील तर तो पाला नको.

अंडी आणू नका. अंड्यांतून निघालेली अळी केसाएवढी असते, तिला कोवळा पाला बारीक चिरून, भरपूर दमटपणा राखून वाढवावं लागतं आणि घरी त्यातल्या बऱ्याच दगावतात. शेतकरीसुद्धा पहिल्या दोन कातींपर्यंतच्या, म्हणजे चॉकी अळ्या तयार घेतात. तुम्हीही दुसरी कात टाकून झालेल्या पन्नास अळ्या मागा. एका पतंगाच्या अंडीपुंजातच चारशे-पाचशे अंडी असतात, त्यामुळे पन्नास ही शेतकऱ्याच्या हिशेबात चिमूटभर आहे. पन्नासाहून जास्त घेण्याचा मोह टाळा. शेवटच्या आठवड्यात पाला पुरवता पुरवता घर दमतं.

लागणारं सामान थोडकं आहे. दीड फूट लांब, एक फूट रुंद पुठ्ठ्याचं उथळ खोकं किंवा वेताची परडी, तळाला वर्तमानपत्र, वरून मच्छरदाणीचं कापड, एक तापमापक, ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, मूठभर विरलेल्या चुन्याची कोरडी पूड, गोणपाटाचा एक तुकडा. खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांना अळ्यांचा पत्ता लागायला एक रात्र पुरते. कापड नीट ताणून बसवलं तर पालही लांब राहते.

आता तापमान. अळीला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. बेळगाव शहरात आणि खानापूरकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर जातो, पण रात्री गार असतात. जाड भिंतीच्या, उत्तरेकडच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीवर ओलं गोणपाट सोडलं की खोली बरीच उतरते. अथणी, गोकाकच्या बाजूला मात्र एप्रिल-मे मध्ये हा खेळ नको, जूनचा पाऊस पडून हवा उतरली की करा. ३० अंशांच्या वर आणि त्यात कोंदट हवा असली की अळ्या ढिल्या पडतात, पातळ विष्ठा करतात, काळ्या पडून कुजतात. अशी एक दिसली की चिमट्याने उचलून चुन्यात पुरा, हात धुवा, तळाचा कागद लगेच बदला. उरलेल्या वाचतात.

खायला दिवसातून तीन-चार वेळा. पाला सकाळी लवकर तोडा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. पाल्यावर पाण्याचे थेंब असतील तर पुसूनच घाला. ओला पाला खाल्लेल्या अळीला हगवण लागते. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे दुसरी कात टाकून झाल्यावर, पन्नास अळ्यांना दिवसाला साधारण २० ग्रॅम पाला लागतो, चौथ्यात ५० ग्रॅम, पाचव्यात १५० ते २०० ग्रॅम. सगळं मिळून दीड किलोच्या आसपास. त्यातला ऐंशी टक्के एकट्या पाचव्या अवस्थेत जातो. पाला घालण्याआधी तोलायचा, उरलेले देठ काढून तेही तोलायचे, हा रोजचा गणिताचा तास. मात्र उरलेला पाला सुकून हलका होतो, तेव्हा तेवढाच पाला अळ्यांविना शेजारी ठेवून त्याची घट किती होते ते मुलांकडूनच काढून घ्या. वजाबाकीत ही घट धरली नाही तर अळ्यांनी खाल्लं त्याहून जास्त खाल्ल्यासारखं दिसतं.

तीन-चार दिवसांनी एका सकाळी अळ्या खाणं थांबवतात. डोकं वर उचलून, जणू काही विसरल्यासारख्या निश्चल बसतात. मुलं घाबरतात, मेल्या म्हणतात. त्या कात टाकायच्या तयारीत आहेत. या वेळी त्यांना हलवू नका, पाला घालू नका, वरून चुन्याची पातळ पूड भुरभुरवा म्हणजे खालचा पाला सुकतो आणि रोगजंतू दबतात. कात टाकायला एक दिवस, कधी थोडा जास्त लागतो. दोन-चार अळ्या लवकर उठतात आणि भुकेल्या फिरतात. त्यांची दया येऊन पाला घातला की सगळं बिघडतं: त्या पुढे निघून जातात, मागच्या पाल्याखाली दबतात आणि शेवटपर्यंत अळ्या एका मापाच्या राहत नाहीत. जवळजवळ सगळ्या उठल्याशिवाय पहिला घास नाही. भिंग असेल तर या सकाळी जरूर वापरा. जुन्या डोक्याचं इवलं टोपण तोंडापुढे लटकलेलं असतं, नव्या कातडीवर सुरकुत्या असतात आणि नवं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं. दिवसभर खाऊन अंग भरलं की सुरकुत्या जातात.

या भागाला एक वेगळा धोका आहे आणि तो परक्या पुस्तकांत सहसा नसतो: तंबाखू. निपाणी-चिकोडी पट्ट्यात बिडी तंबाखूचं पीक, वखारी, तंबाखूची धूळ हे रोजचंच. रेशीम अळीला निकोटीन अत्यंत विषारी आहे. तंबाखूच्या शेताला लागून असलेल्या तुतीचा पाला, वखारीत काम करून आलेल्या माणसाचे न धुतलेले हात, तंबाखू मळलेला तळहात, यांतलं काहीही पुरतं. विषबाधा झालेली अळी अंग आखडते, डोकं झटकते, तोंडातून तपकिरी पाणी टाकते आणि कलंडते. लगेच सगळ्या अळ्या मोकळ्या हवेत नव्या कागदावर घ्या, आधीचा पाला फेकून दुसरीकडचा आणा. बाधा हलकी असेल तर काही तासांत सावरतात. शंभर मीटरच्या आत तंबाखू असेल तर तो पाला वापरूच नका, आणि घरात जो तंबाखू मळतो त्याने खोक्याला हात लावायचा नाही, असा नियमच करा. डासांची कॉइल, प्लगवरचं द्रव, झुरळांचा फवारा हेही त्या खोलीत बंद. रात्री डासांसाठी मच्छरदाणी लावा.

कर्नाटकात दुसरा शत्रू म्हणजे उझी माशी. घरमाशीपेक्षा मोठी, पाठीवर काळे पट्टे. ती अळीच्या अंगावर अंडं घालते, त्यातून निघालेला किडा अळीच्या आत शिरतो आणि त्या जागी काळा डाग उमटतो. डाग दिसलेली अळी वाचत नाही, ती वेगळी काढा. म्हणूनच वरचं कापड पाला घालतानाही अर्धंच उघडायचं.

पाचव्या अवस्थेत सहा-आठ दिवस अळ्या नुसत्या खात असतात. शांत खोलीत पानांवर पावसाची भुरभूर पडल्यासारखा आवाज येतो. मग अंग पिवळसर, आरपार दिसू लागतं, खाणं सुटतं, विष्ठा मऊ होते आणि अळी डोकं उचलून इकडून तिकडे हलवायला लागते. ती कोष करायला जागा शोधतेय. शेतकरी इथे बांबूची चंद्रिका, म्हणजे अळ्यांना कोष करायला दिलेली चटई, वापरतात. घरी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे किंवा कागदाचे छोटे द्रोण चालतात, एका खणात एक अळी. उशीर केला तर ती कोपऱ्यात, कापडाला, जिथे जमेल तिथे धागा वाया घालवते. दोन अळ्या एका खणात पडल्या तर जोडकोष होतो आणि त्याचा धागा नीट सुटत नाही. कोष करण्याआधी अळी अंगातलं पाणी एकदम टाकते, तेव्हा खाली जाड कागद घाला आणि खोलीत वारा खेळता ठेवा. दमट हवेत केलेल्या कोषांचा धागा गुंततो.

कोष पुरा व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पुढचं मुलांशी आधीच, स्पष्ट बोलून ठरवा. अखंड धागा हवा असेल तर आतला जीव मरतो, कारण पतंग बाहेर येताना कोषाला भोक पाडतो आणि धागा तुटतो. काही घरांना हे नकोसं वाटतं आणि ते अगदी बरोबर आहे. त्यांनी सगळे पतंग बाहेर येऊ द्यावेत. भोक पडलेले कोष कापसासारखे पिंजून सूत काढता येतं. धागा बघायचाच असेल तर पाच-सहा कोष पुरे. कोष सुरू झाल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी ते काढा आणि मोठ्या माणसाने उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवावेत. मग आच मंद करून जुन्या टूथब्रशने वरून हलकेच फिरवलं की टोकं ब्रशला लागतात. पाच-सहा टोकं एकत्र धरून बाटलीवर गुंडाळा. चांगल्या जातीच्या एका कोषात आठशे ते बाराशे मीटर धागा असतो. बाटलीचा घेर मोजून वेढे मोजले की लांबी निघते.

उरलेल्या कोषांतून दहा-बारा दिवसांनी पहाटे पतंग निघतात. नर लहान आणि पंख फडफडवत फिरणारा, मादी पोटाने जड आणि जागेवर बसलेली. ते काही खात-पीत नाहीत, आठवड्याभरात संपतात. मादीने घातलेली अंडी तीन-चार दिवसांत गडद राखाडी झाली तर ती आता लगेच फुटणार नाहीत, त्यांना हिवाळ्यासारखी थंडी लागते. पिवळट राहिली तर दहा-अकरा दिवसांत अळ्या निघतील. तेव्हा पाल्याची सोय नसेल तर अंडी फुटायची वाट न पाहता शेतकऱ्याला विचारून काय ते करा.

कढीपत्ता आणि लिंबू

इथे पाळायचं काही नाही, बघायचं आहे. मार्चच्या शेवटी कढीपत्त्याच्या दोन फांद्या छाटा आणि झाडाला पाणी सुरू ठेवा. पंधरा दिवसांत तांबूस कोवळी पालवी फुटते आणि लिंबाचं फुलपाखरू नेमक्या तिच्यावर अंडी घालतं: मोहरीहून लहान, फिकट पिवळी, एका जागी एकच. तीन ते पाच दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती काळी-पांढरी, थेट पक्ष्याच्या शिटेसारखी असते. शेवटची कात टाकली की एकदम हिरवी होते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नाही, त्यात तिची शक्ती जाते.

सातभाई आणि गांधीलमाश्या दहातल्या बऱ्याच अळ्या खातात. एक-दोन नक्की बघायच्या असतील तर त्या फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी चढवून दोरीने बांधा, पण पाच-सहा पानं आत असू द्या आणि मुंग्या शिरल्या का ते रोज बघा. अळी बरणीत आणली की पानं सुकतात आणि बरणीत घाम धरतो. बहुतेक अळ्या अशाच जातात. कोष हिरव्या फांदीवर हिरवा, सुक्या काडीवर तपकिरी होतो. तो नंतर काळपट होऊन त्याला टाचणीएवढं भोक पडलेलं दिसलं तर आतून बारीक गांधीलमाश्या निघाल्या आहेत. हेही वहीत लिहायला लावा, लपवू नका.

खानापूरच्या बाजूला पपनसाचं किंवा लिंबाचं मोठं झाड असेल तर त्यावर राणी पाकोळीच्या, म्हणजे ब्लू मॉर्मनच्या अळ्याही सापडू शकतात. हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ पासून. कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग. सीमेवरच्या मुलांनी दोन्ही ओळखावीत.

पडवीखालची माती

पावसाचा थेंब पोचत नाही अशा पडवीखाली, गोठ्याच्या कडेला, कोरड्या बारीक मातीत एक-दोन इंच रुंदीचे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. तळाशी एक करडा, केसाळ किडा (इंग्रजीत अँटलायन) दडलेला असतो, फक्त जबडे बाहेर. मुंगी कडेला आली की तो डोक्याने माती उडवतो, उतार ढासळतो, मुंगी खाली घरंगळते. हाच किडा पुढे चतुरासारखा नाजूक पंखांचा होतो.

हा रानचा असला तरी सुरुवातीच्या कसोटीला अपवाद म्हणून याला आठवडाभर जवळ ठेवायला हरकत नाही. आइस्क्रीमच्या डब्यात दोन इंच कोरडी चाळलेली माती घाला आणि एका डब्यात एकच किडा ठेवा, नाहीतर ते एकमेकांना खातात. दोन दिवसांआड एक मुंगी पुरते. माती ओली झाली की तो खड्डाच करत नाही. खरा प्रयोग मातीचा आहे: पिठाच्या चाळणीची, रव्याच्या चाळणीची आणि न चाळलेली अशी तीन डब्यांत माती घालून कुठे खड्डा मोठा होतो आणि उताराचा कोन किती येतो ते कोनमापकाने मोजा. वळीव यायच्या आत किडा उचलला त्याच जागी परत सोडा.

पाणी आणि पिल्लं

पक्ष्यांसाठी मातीची उथळ थाळी, पाणी दोन इंचांच्या वर नको, मध्ये एक खडबडीत दगड. त्यामुळे मधमाश्या आणि लहान पक्षी बुडत नाहीत. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा थाळी घासून उन्हात वाळवा. डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढी सवड द्यायची नाही. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून थाळी लांब ठेवा.

घरट्यातून पिल्लू पडलं तर उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते, ही समजूत खोटी आहे. अंगावर पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांबून लक्ष द्या. दूध-भात, पोळी भरवू नका.

वहीत प्रत्येक जीवासाठी तारीख, वेळ, तापमान, काय दिसलं, मराठी नाव आणि कानडी नाव असे रकाने आखा. चिमणी गुब्बच्ची, फुलपाखरू चिट्टे, बेडूक कप्पे, पाल हल्ली. शेजारच्या कानडी घरातल्या आजींना विचारून हा रकाना भरला की मुलांची भाषाही सुधारते.

जिथे हात घालायचा नाही

खानापूर, भीमगडाच्या बाजूला जानेवारी ते मे हा माकडतापाचा हंगाम. हा आजार गोचिडीतून पसरतो. जंगलाला लागून राहत असाल तर मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा, पाचोळ्यात बसू देऊ नका आणि घरी आल्यावर काखा, मान, गुडघ्यामागे गोचीड तपासा. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. नंतर मुलाला ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीने सांगा.

दगडांचा ढीग, शेणी, सरपण मुलांनी हाताने उचकटायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्र-कर्नाटकात आहेत, आणि घाटाकडच्या झुडपांत हिरवा चापडाही असतो. चौघांच्या विषावरचं औषध सरकारी रुग्णालयात मिळतं, चापड्यावर मात्र ते लागू पडत नाही. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं, मांत्रिक यांतलं काही नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता फळीला बांधा, मुलाला चालू देऊ नका आणि १०८ वर फोन करून थेट रुग्णालयात न्या. साप घरात शिरला असेल तर सगळ्यांना बाहेर काढून त्या खोलीचं दार लावा, दाराखालच्या फटीत गोणपाट दाबा आणि वनखात्याच्या १९२६ वर कळवा. माणूस येईपर्यंत एकाने बाहेर लांब उभं राहून त्या खोलीच्या दार-खिडक्यांवर नजर ठेवायची, फोटो काढायलाही जवळ जायचं नाही.